दुपारी दोनचा ताप

२०२४ च्या मे महिन्यात आमच्या घरात एकाला रोज दुपारी दोनच्या सुमाराला ताप चढत असे. मुलीला नाही, सासूबाईंना नाही, आमच्या कॉम्प्युटरला! हसू नका. घरातलं माणूस आजारी पडावं तसं आम्ही सगळे त्या दिवसांत त्याच्याभोवती उभे राहत होतो. चांगला चालता चालता पंख्याचा आवाज वाढत जायचा, गिरणीसारखी घरघर सुरू व्हायची, अक्षरं रेंगाळत उमटायची, आणि मग काही न सांगता-सवरता पडदा काळा. पुन्हा सुरू करावा तर पाच मिनिटांत परत तेच.

तुम्ही म्हणाल, बंद पडला तर पडला, एवढं काय? सांगते. मी इथल्या एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते, पण तासिकेवर. जितके तास तितके पैसे. सुट्टी लागली की माझा पगार शून्य. त्यातून आमच्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनअखेरीला उघडतात. म्हणजे दोन महिने हात रिकामे. म्हणून उन्हाळ्यात मी घरी बसून मराठी टायपिंगची कामं घेते. कुणाच्या लग्नपत्रिकेचा मजकूर, कुणाचा प्रकल्प, क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका. हा कॉम्प्युटर २०२० साली लॉकडाऊनमध्ये मुलीची शाळा आणि माझे तास चालावेत म्हणून घेतला, आणि खरं सांगायचं तर घरात आलेल्या वस्तूंपैकी स्वतःची किंमत स्वतः फेडणारी ही एकच!

गेली दोन वर्षं ह्या कामाचे पैसे मी डाळीच्या डब्यात नव्हे, चांगले बँकेत साठवत होते. बी.ए. होऊन चौदा वर्षं झाली. एम.ए. राहून गेलं ते राहूनच गेलं. ह्या वर्षी प्रवेश घ्यायचा असं ठरवलं होतं. फी, पुस्तकं, परीक्षेला जाण्यायेण्याचा खर्च असे मिळून बारा हजार जमले होते.

आणि नेमका तेव्हाच दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, प्रोसेसर गेला. ह्या जातीचा आता मिळत नाही. दुसरा घ्यायचा तर मदरबोर्डही बदलावा लागेल. बारा-साडेबारा हजार धरून चला."

बारा हजार! जणू माझं पासबुक पाहून आल्यासारखा आकडा.

त्याने झाकण उघडलंही नव्हतं. बटण दाबलं, यंत्र बंद पडलेलं पाहिलं आणि निकाल दिला. आमचे हे जिनिंग फॅक्टरीत हिशेबनीस आहेत, आकड्यांच्या बाबतीत व्यवहारी माणूस. ते म्हणाले, "अगं, तो रोज हेच काम करतो, त्याला कळत असेल. कॉम्प्युटर तर लागणारच. फी पुढच्या वर्षी भर." त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. पण "पुढच्या वर्षी" हे शब्द मी चौदा वर्षं ऐकत होते, आणि त्यातले निम्मे माझेच मला सांगितलेले. मी काही बोलले नाही. भाकऱ्या मात्र त्या दिवशी जरा जाडच झाल्या.

रात्री अंथरुणावर पडल्यावर एक गोष्ट मनात आली. प्रोसेसर जळालाच असेल तर तो सकाळी सात ते दहा सुरळीत चालतो कसा? जळालेला बल्ब काही सकाळी लागून दुपारी विझत नाही. सकाळी बरा आणि दुपारी आजारी, म्हणजे बिघाड काहीतरी वेगळाच.

दुसऱ्या दिवसापासून मी कालनिर्णयवर, जिथे दुधाचं माप लिहिते तिथेच, त्याच्याही नोंदी करायला लागले. किती वाजता सुरू केला, किती वेळ चालला, काय काम चाललं होतं. पाच दिवसांत चित्र स्पष्ट झालं. सकाळी तीन-तीन तास चाले. दुपारी बारानंतर जेमतेम वीस मिनिटं. रात्री दहानंतर पुन्हा तासभर. नुसतं टायपिंग असेल तर जरा जास्त, मुलीने व्हिडिओ लावला की लगेच गचके. आमच्या वर्धा जिल्ह्यातला मे तुम्हाला ठाऊक आहे. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, पंचवीस तारखेपासून नवतपा, भिंतीला पाठ टेकवत नाही. म्हणजे आजार उन्हाचाच होता.

सासूबाईंचं निदान तर पहिल्या दिवशीच झालं होतं. "त्यालेबी ऊन लागलं असन. थंड पाण्याची पट्टी ठेव त्याच्या डोक्यावर." पट्टी अर्थातच ठेवायची नाही, विजेचं यंत्र आहे. पण उन्हाचं त्यांचं म्हणणं दुरुस्तीवाल्यापेक्षा खरं होतं, हे आता कबूल करायला हवं.

आता थोडं समजून घेऊ. ज्या डब्याला आपण सगळ्याजणी सीपीयू म्हणतो तो नुसता डबा. खरा प्रोसेसर त्याच्या आत, लहान चौकोनी बिस्किटाएवढा. सगळी आकडेमोड तो करतो आणि करता करता तापतो. त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचं एक चक्र बसवलेलं असतं, त्याला हीटसिंक म्हणतात, आणि त्यावर छोटा पंखा. प्रोसेसरची उष्णता पात्यांत जाते, पंखा ती हवेत उडवतो. म्हणजे ते यंत्र खोलीतल्या हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. खोलीच्या वर काही अंश, हाच त्याचा हिशेब. जानेवारीत खोली वीस अंशांवर असताना कामाच्या वेळी प्रोसेसर साठवर जात असेल, तर मे महिन्यात चाळीस अंशांच्या खोलीत तेच काम करताना तो ऐंशीवर जाणार. आमच्यासारख्या बहुतेक प्रोसेसरची सहनशक्ती शंभर अंशांच्या आसपास संपते. तिथे पोचायच्या आधी तो स्वतःहून काम हळू करतो, म्हणून अक्षरं रेंगाळतात. तेवढ्यानेही भागलं नाही तर जळून जाऊ नये म्हणून यंत्र स्वतःला बंद करतं. मला तो बिघाड वाटत होता. ती तर त्याची स्वतःला वाचवायची धडपड होती!

खरा ताप किती, तेही पाहता येतं. यंत्र सुरू होताना लगेच डिलीटचं किंवा एफ-टूचं बटण दाबत राहिलं की एक निळा-करडा पडदा येतो. त्याला बायोस म्हणतात. त्यात हार्डवेअर मॉनिटर किंवा पीसी हेल्थ असं काहीतरी लिहिलेलं पान असतं, तिथे प्रोसेसरचं तापमान दिसतं. तिथे दुसरं काही बदलायचं नाही, नुसतं वाचायचं. मी वाचलं आणि छातीत धस्स झालं. काहीही काम न करता ९१!

हे मी वाचत असताना सासूबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी टेबलाखालच्या कप्प्याकडे बोट दाखवलं. "मे मयन्यात कोणी गोधडी पांघरते काय वो?"

आता माझी लाज सांगते. धूळ बसू नये म्हणून त्या डब्याला मी स्वतः कव्हर शिवलं होतं. जुन्या पडद्याच्या जाड कापडाचं, कडेला साखळी टाक्याची वेल. पुढून बटणापुरतं उघडं, बाकी सगळीकडून गच्च. आणि तो नीटस डबा टेबलाच्या कप्प्यात, मागच्या फळीला चिकटवून ठेवलेला. गरम हवा मागून बाहेर पडते हे ठाऊकच नव्हतं. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, फ्रीजच्या मुठीला कव्हर, तसंच ह्यालाही. पाहुण्या बायका कौतुक करून जायच्या.

कव्हर काढलं, डबा कप्प्यातून बाहेर घेऊन टेबलावर ठेवला, भिंतीपासून चांगला वीतभर पुढे. त्या दुपारी वीस मिनिटांऐवजी पन्नास मिनिटं चालला. एका वेळी एकच बदल करायचा आणि पाहायचं, हे मी स्वयंपाकघरातून शिकले. मीठ आणि आमसूल एकदम टाकलं तर आमटी कशाने बिघडली ते कळत नाही. पन्नास मिनिटं म्हणजे गुण आला, पण आजार गेला नव्हता.

मग शेवटी झाकण उघडायचं ठरवलं. आधी भिंतीतली पिन काढली, सगळ्या वायरी सोडवल्या, मग सुरू करायचं बटण काही सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. वायरी कुठे होत्या त्याचे मोबाईलवर फोटो काढून ठेवले. नायलॉनची साडी बदलून सुती नेसले. आमच्याकडच्या कोरड्या हवेत नायलॉन कसं चटचट ठिणग्या मारतं! त्या ठिणगीने आतले नाजूक भाग खराब होऊ शकतात, म्हणून हात घालण्यापूर्वी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा आणि मधूनमधून लावत राहायचं.

आत पाहिलं आणि काय सांगू! पंखा आणि पाती ह्यांच्यामध्ये राखाडी रंगाची एक जाड चकती बसली होती, घोंगडीचा तुकडा कापून घालावा तशी. चिमटीत धरली तर अखंड निघाली. नुसती धूळ नव्हती ती. बोटांनी ताणली तर लांबत गेली, पेळूसारखी! कापूस होता तो.

आम्ही हिंगणघाटला राहतो. इतिहासाच्या तासाला मी मुलांना सांगते की इंग्रजांच्या काळात इथला कापूस पार लिव्हरपूलच्या बाजारात हिंगणघाटच्या नावानेच विकला जाई. आजही दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात आणि बारीक तंतू हवेत उडत राहतात. ह्यांच्या शर्टावर, केसांत, भुवयांवर ते रोज संध्याकाळी घरी येतात. मी इतकी वर्षं ते कपडे त्याच खोलीत झटकत आले. तेच तंतू पंख्याने ओढून ओढून चार वर्षांत प्रोसेसरच्या डोक्यावर गादी घातली होती. पंखा बिचारा फिरत होता, पण हवा खाली जायला फटच नव्हती.

मुलीचा रंगकामाचा कोरा ब्रश घेतला आणि अंगणात नेऊन एकेक पाकळी झाडली. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची बरं का, वाऱ्याने किंवा ब्रशने गरगर फिरू द्यायची नाहीत, नाहीतर त्याचं बेअरिंग खराब होतं.

इथवर सगळं छान झालं. आणि मग मी अतिशहाणपणा केला.

सगळं इतकं स्वच्छ निघालेलं पाहून वाटलं, हे चक्रच काढून मागून पुसावं. चार कोपऱ्यांना चार प्लास्टिकच्या खुंट्या होत्या, त्यावर बाण कोरलेले. पंख्याची छोटी वायर काढली, बाणाच्या दिशेने खुंट्या फिरवल्या, चक्र हातात आलं. त्याच्या बुडाला आणि प्रोसेसरच्या पाठीवर पांढरट, वाळून खडू झालेलं काहीतरी चिकटलं होतं. मला वाटलं मळ. दोन्हीकडून लख्ख पुसून काढला आणि चक्र पुन्हा बसवलं. यंत्र सुरू केलं आणि दोन मिनिटांत बंद! पुन्हा सुरू केलं, एका मिनिटात बंद.

ह्यांनी वर्तमानपत्रातून मान वर केली, पाहिलं, आणि काही न बोलता पुन्हा वाचायला लागले. बोलले असते तर बरं झालं असतं. त्या रात्री मला वाटलं, बारा हजारही गेले आणि शहाणपणाही गेला. क्लासच्या तीस प्रश्नपत्रिका सोमवारी द्यायच्या होत्या.

सकाळी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आठवण झाली. मराठीत काठावर पास व्हायचा, आता आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकतोय. फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही मळ नाही पुसला. थर्मल पेस्ट पुसली."

मग त्याने मला शिकवलं, मी त्याला कधी शिकवलं नसेल इतक्या धीराने. आपल्याला गुळगुळीत दिसणारे धातू प्रत्यक्षात खडबडीत असतात. एकावर एक ठेवले तरी मध्ये बारीक फटी राहतात आणि त्यात हवा बसते. हवा उष्णता फार वाईट वाहून नेते. बूड वर आलेलं पातेलं विजेच्या सपाट शेगडीवर ठेवलं तर कसं तासभर तापत नाही, तसंच हे उलट बाजूने. त्या फटी भरायला ती पेस्ट. काही वर्षांनी ती वाळते, म्हणून बदलावी लागणारच होती. "तुम्ही पुसली ते बरोबरच केलं मॅडम, फक्त नवीन लावायची राहिली."

बाजारात दीडशे रुपयांना छोटी नळी मिळाली. प्रोसेसरची पाठ मेडिकलमधून आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या थेंबाने कोरड्या सुती कापडावर पुसली, पूर्ण वाळू दिली आणि मधोमध वाटाण्याएवढा ठिपका ठेवला. जास्त नाही! पोळीला तूप लावावं तशी चोपडायची इच्छा होते, ती आवरावी. पेस्ट जाड झाली तर तीच आड येते. चक्र सरळ खाली दाबलं की ती आपोआप पसरते.

आणि खुंट्या. इथे माझी दुसरी चूक सापडली. खुंट्या आधी बाणाच्या उलट, मूळ जागी फिरवून घ्यायच्या आणि मग दाबायच्या. एका बाजूच्या दोन्ही एकदम दाबल्या तर चक्र कलतं. समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या एकेक दाबायच्या, प्रत्येकीचा टक् असा आवाज यायला हवा. माझी एक खुंटी नुसती टेकलेली होती, बसलेली नव्हती. चारही टक् ऐकले, पंख्याची वायर आठवणीने लावली, झाकण बसवलं.

बायोसचं ते पान उघडलं. ५४. पाच मिनिटं बसून पाहिलं. ५६. दुपारी दोन वाजता, कूलर बंद असताना, मुलीला मुद्दाम व्हिडिओ लावायला सांगितला. पंखा जोरात फिरला, पण पडदा काळा झाला नाही. सोमवारी प्रश्नपत्रिका दिल्या.

कूलरवरून आठवलं. यंत्राला थंड करायला आपण कूलरचा झोत त्याच्यावर सोडतो, तो सोडू नये. ती हवा दमट असते, आणि वुडवूलमधली घाणही बरोबर येते. खोली गार राहिली तर तेवढंच पुरे, झोत दुसरीकडे वळवावा. ओल्या फडक्याने आतून पुसणं तर मनातही आणू नका. आणि मागच्या बाजूला जिथे विजेची जाड वायर लागते तो जाळीचा पत्र्याचा डबा उघडायचा नाही. पिन काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. पंखाच फिरत नसेल, जळका वास येत असेल, किंवा मदरबोर्डवरच्या छोट्या नळकांड्यांची टोकं फुगलेली दिसली, तर माणूस बोलवावा. फक्त त्याने आपल्यासमोर झाकण उघडून तापमान दाखवावं, मग किंमत सांगावी. सगळे दुरुस्तीवाले तसे नसतात, माझ्या वाट्याला आलेला घाईत असेल.

त्या विद्यार्थ्याने आणखी एक युक्ती सांगितली. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा शंभर टक्क्यांवरून ऐंशीवर आणता येते. टायपिंगला काही फरक जाणवत नाही, ताप मात्र कमी होतो. एप्रिल ते जून मी ती तशीच ठेवते.

ह्यांनी त्या पेळूसारख्या चकतीचं फार कौतुक केलं, जिनिंगमध्ये नेऊन सगळ्यांना दाखवली. आता आल्याबरोबर शर्ट अंगणात झटकून मग आत येतात. फीबद्दल आमचं पुन्हा बोलणं झालं नाही. प्रवेशाच्या दिवशी मी फॉर्म ह्याच कॉम्प्युटरवर भरला, तेव्हा "प्रिंट दोन काढ, एक फाईलला राहू दे" एवढं मात्र म्हणाले.

वेलीचं कव्हर सासूबाईंनी मागून घेतलं. ते आता लोणच्याच्या बरणीवर आहे. आणि कालनिर्णयवर दुधाच्या चौकटीत दर तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी 'क' लिहून ठेवते. त्या दिवशी झाकण उघडायचं, ब्रश फिरवायचा. मागच्या वेळी पुन्हा चिमूटभर रुई निघालीच!